मोठे टायर टाकल्यावर जुनी डिझेल पिकअप उचलत नसेल तर

इंजिनाला हात लावण्याआधी मोबाइलवर जीपीएसचा वेग बघा. २८ इंचीच्या जागी ३१ इंची टायर असतील, तर काटा ६० दाखवतो तेव्हा गाडी ६६ च्या आसपास पळत असते. म्हणजे प्रत्येक गिअर सुमारे ११ टक्के जड झाला. तेवढी मरगळ टायरचीच.

त्याहून जास्त वाटते? चढावर वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबा. आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) चढतो पण वेग वाढत नाही, तर क्लच घसरतोय. मोठ्या टायरांमुळे त्याच्यावर ताण येतोच. काळा धूर असेल तर एअर फिल्टर आणि टर्बोचा (इंजिनात जास्त हवा ढकलणाऱ्या पंख्याचा) रबरी पाइप तपासा. क्लिपखाली तेलकट ओल आणि बारीक चीर बोटाला लागते. शेवटी पुढच्या चाकांना ठोकळे लावून, गिअर न्यूट्रलला ठेवून, हँडब्रेक सोडून मागचं चाक जॅकवर हाताने फिरवा. ब्रेक घासत असेल तर लगेच कळतं.