आरोग्य संशोधनात गावाला सामील करून घ्यायचंय? मग पैसे असे मागा

मागच्या आठवड्यात ओळखीतल्या एका पीएचडी करणाऱ्या मुलीचा रात्री फोन आला, ताई फंडरने (संशोधनाला पैसे देणाऱ्या संस्थेने) विचारलंय लोकसहभागाला किती पैसे लागतील, उद्या सकाळी फॉर्म भरायचाय, काय लिहू? तिने तोवर "जनजागृती : पोस्टर, बॅनर, पत्रकं, ५०,०००" एवढं लिहून ठेवलं होतं. तिला फोनवर जे दीड तास सांगितलं तेच इथे लिहून काढतेय, कारण हा प्रश्न दर दोन महिन्यांनी कोणीतरी विचारतंच.

पहिली गोष्ट, बजेट शेवटाकडून लिहा. म्हणजे अभ्यास संपल्यावर निकाल गावात परत कोण नेणार, कशात बसून नेणार आणि त्या महिन्यात त्या माणसाचा पगार कुठून येणार, हे सगळ्यात आधी. असं का म्हणते ते सांगते. काही वर्षांपूर्वी आम्ही एका गावात मुलींच्या रक्तक्षयाचं काम केलं, बोटातून रक्त घेतलं, हिमोग्लोबिनची चिठ्ठी दिली आणि ३१ मार्चला पैसे संपले तसे निघून आलो. दोन वर्षांनी वेगळ्या प्रोजेक्टचे फॉर्म घेऊन त्याच गावात समाजमंदिरात मीटिंग लावली तर एक आजी उठून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मागल्या टायमाला आमच्या पोरींचं रक्त नेलं, त्याचं काय झालं ते सांगा आधी, मग नवीन कागद काढा." आमच्याकडे उत्तर होतं, पण ते इंग्रजी जर्नलमध्ये छापलेलं. त्या आजींची नात तोवर लग्न होऊन सासरी गेलेली, तिला ते कधी कळलंच नाही. तेव्हापासून माझ्या प्रत्येक बजेटची पहिली ओळ "निकाल परत नेणे" असते, आणि त्यात शेवटच्या सहा महिन्यांचा एका माणसाचा पगार, गाडी आणि प्रत्येक गावात किमान दोन बैठका धरलेल्या असतात. दोन का, तर एक दिवसा ठेवली की शेतावर जाणारे येत नाहीत, आणि एक रात्री ठेवली की लेकुरवाळ्या येत नाहीत.

आता पैसे कुठून. सगळ्यात सोपा रस्ता म्हणजे मूळ संशोधनाच्या ग्रँटमध्येच ही ओळ घालणं. वेगळा फंड शोधायला जाल तर वर्ष जातं. ब्रिटनच्या एनआयएचआरचे (आरोग्य संशोधनाला सरकारी पैसे देणारी तिथली संस्था) ग्लोबल हेल्थचे जे अर्ज असतात त्यात तर लोकांना कसं सामील करणार याचा प्लॅन आणि त्याचा खर्च मागतातच, तिथे लाजून थोडं मागू नका. वेलकम ट्रस्ट या ब्रिटनमधल्याच धर्मादाय संस्थेने या कामाला वर्षानुवर्षं पैसे दिलेत, आपल्याकडचं ठळक उदाहरण म्हणजे मुंबईतल्या स्नेहा संस्थेने २०१५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये केलेलं धारावी बिएनाले, तीन आठवडे धारावीतच प्रदर्शन, विषय आरोग्याचे आणि वस्तू बनवणारे धारावीतलेच लोक. त्यात बायकांनी धारावीचा नकाशा कापडावर शिवून हिंसा कुठे कुठे होते ते दाखवलं होतं. पोस्टर छापून हे होत नाही, त्याला कारागिरांचा वेळ लागतो आणि वेळेला पैसे लागतात.

एक सावधगिरी. वर्ल्ड बँकेच्या यादीत भारत कमी-मध्यम उत्पन्नाचा देश आहे, पण म्हणून प्रत्येक कॉलमध्ये, म्हणजे फंडर अर्ज मागवतो त्या योजनेत, आपण बसतोच असं नाही, कधी फक्त आफ्रिका असते तर कधी फक्त अगदी गरीब देश असतात, त्यामुळे देशांची यादी आधी बघा, मग रात्र जागवा.

परदेशी पैसे थेट संस्थेच्या खात्यात येणार असतील तर एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी, लागतं, आणि पैसे दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच येतात. २०२० च्या दुरुस्तीने दोन गोष्टी बदलल्या ज्यांचा या कामाला थेट फटका बसतो. ऑफिसखर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली, आणि हे पैसे पुढे दुसऱ्या संस्थेला वाटता येत नाहीत. म्हणजे पूर्वी गावातल्या महिला मंडळाला छोटी रक्कम देऊन तुम्ही तुमच्या पद्धतीने करा म्हणता यायचं, ते आता नाही. मंडळाने जेवण केलं, मांडव घातला, तर त्याचं बिल घ्यायचं आणि सेवेचे पैसे म्हणून द्यायचे. फील्डवरच्या माणसाचा पगार ऑफिसखर्चात धरायचा की कार्यक्रमात, हे अर्ज पाठवायच्या आधी सीएला विचारा, नंतर नाही.

सीएसआर, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामाला द्यायचा पैसा, हा दुसरा रस्ता. कंपनी कायदा २०१३ चं कलम १३५ आहे, निव्वळ नफा किमान ५ कोटी किंवा उलाढाल १००० कोटी किंवा नेटवर्थ ५०० कोटी असलेल्या कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करावेच लागतात. तुमच्याकडे १२ए, ८०जी (या आयकराच्या नोंदण्या) आणि सीएसआर-१ (सीएसआरचे पैसे घेण्यासाठीची) नोंदणी हवी. पण कंपनीवाल्यांना लाभार्थींचा आकडा हवा असतो, "लोकांचं ऐकून घेतलं" याला ते पैसे देत नाहीत, तेव्हा त्यांच्याकडे तपासणी शिबिर, फिरतं प्रदर्शन, शाळेतला प्रयोग असं दिसणारं काम मागा आणि ऐकण्याचं काम संशोधनाच्या ग्रँटमध्ये ठेवा. विज्ञान प्रसाराचं काम असेल तर केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान विभागातल्या एनसीएसटीसी या विज्ञान प्रसाराच्या परिषदेकडेही अर्ज करता येतो.

आता खर्चाच्या ओळी, ज्या बहुतेक लोक विसरतात. बाईचा रोज बुडतो. चाळीस बायका अर्धा दिवस बसल्या तर अर्ध्या दिवसाची मजुरी धरा, तुमच्या तालुक्यात जो रोज चालू आहे तो, उगाच अंदाजे नको. मात्र हे भरपाई म्हणून, आमिष वाटेल इतकं नाही, आणि एथिक्स कमिटीला (संशोधन लोकांच्या हिताला धरून आहे का ते तपासणारी समिती) आकडा आधी दाखवून. आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत समुदायाच्या सहभागाबद्दल लिहिलंय, अर्जात त्याचा उल्लेख करा, कमिटीचं काम सोपं होतं. मग आशाताईंचं मानधन. त्यांना फुकट राबवू नका, त्यांच्याकडे आधीच ढीगभर रजिस्टरं आहेत. मग पोरं सांभाळायला एक बाई, रात्री परत सोडायला गाडी, मराठीतून कोरकू किंवा माडियात बोलणारा माणूस, स्पीकरवाला, दवंडी, चहा, खिचडी. भारूडवाले किंवा कलापथक बोलावणार असाल तर तालमीचे दिवसही धरा, त्यांना विषय समजून घ्यायला दोन-तीन बैठका लागतात, आणि प्रवासासाठी त्यांना आधी उचल द्यावी लागते जी तुमच्या अकाउंटंटला पटत नाही, म्हणून ती बजेटमध्येच लिहून ठेवा.

अजून एक, फंडर लोकसहभागाला "एंगेजमेंट" म्हणतात, पण हा शब्द गावात वापरू नका, तिथे त्याचा अर्थ साखरपुडा. आम्ही "गावाशी बोलणं" म्हणतो, सगळ्यांना कळतं.

वेळेचंही तसंच. फंडरचं कॅलेंडर आणि आपलं कॅलेंडर वेगळं असतं. पेरणीत बैठक ठेवू नका, आणि बीडकडचं काम असेल तर दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला अर्धं गाव निघून जातं ते थेट उन्हाळ्यात परततं, तेव्हा अर्जातच लिहा की या महिन्यांत काम फडावर होईल आणि त्याचा प्रवासखर्च एवढा.

अर्जात "का" लिहायची वेळ येते तेव्हा लोक मोठमोठे शब्द वापरतात, त्यापेक्षा एक खरी गोष्ट सांगा. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी १९८६ मध्ये सर्च ही संस्था सुरू केली, सुरुवातीला सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावर संशोधन केलं, आजार सापडलाही, पण लोकांना तो आपला पहिला प्रश्न वाटत नव्हता, आणि पुढे बंग यांनी स्वतःच सांगितलं की ती गरज संशोधकाची होती, लोकांची नव्हती. लोकांशी न बोलल्याचं याहून वाईट उदाहरण २००९ चं, तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदऱ्यात मुलींना एचपीव्ही लस (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची) देण्याचा प्रकल्प, वसतिगृहाच्या वॉर्डननी पालकांच्या जागी सह्या केल्याचं बाहेर आलं, २०१० मध्ये काम थांबवावं लागलं आणि २०१३ मध्ये संसदीय समितीने ताशेरे ओढले. पालकांशी बोलायला जो वेळ आणि पैसा लागला असता तो या नुकसानापुढे काहीच नव्हता. केनियातल्या किलिफीच्या संशोधन केंद्राने तर लोकांनीच निवडलेले प्रतिनिधी नेमलेत, ते अभ्यासाबद्दल गावाचं म्हणणं केंद्रापर्यंत आणतात. असं काही तुमच्याकडे करायचं तर त्या प्रतिनिधींचा प्रवास आणि दिवसाचा भत्ता ही वेगळी ओळ.

मोजमाप काय लिहायचं? "५०० लोक आले" हे लिहा, पण त्याखाली लोकांच्या बोलण्यामुळे संशोधनात काय बदललं याची नोंद ठेवणार असंही लिहा. आमच्याकडे एकदा बायकांनी सांगितलं म्हणून घरभेटी सकाळी अकराऐवजी संध्याकाळी सातला सुरू केल्या, बंद घरं एकदम कमी झाली. ही नोंद साध्या वहीत ठेवा, तारीख घालून, त्याला सॉफ्टवेअर लागत नाही.

पावत्यांचं थोडं. भाजीवाल्याकडे जीएसटी नंबर नसतो, तेव्हा छापील व्हाउचर, नाव, सही किंवा अंगठा, ५००० च्या वर रेव्हेन्यू स्टॅम्प, आणि एका माणसाला एका दिवशी दहा हजारांच्या वर रोख द्यायची नाही. अंगठा घेतला तर शेजारी साक्षीदाराची सही घ्या.

आणि पैसे उरले, निकाल मात्र अजून आलेले नाहीत, असं जवळजवळ नेहमी होतं. तेव्हा ते पैसे परत पाठवू नका आणि घाईने बॅनर छापून संपवूही नका. मुदत संपायच्या तीन महिने आधी फंडरला पत्र टाका, वाढीव पैसे नकोत फक्त सहा महिने वाढवून द्या, आणि सोबत गावांची नावं आणि बैठकींच्या तारखा जोडा. तारखा जोडल्या तर सहसा नाही म्हणत नाहीत.