पावसाच्या सॅटेलाइट डेटाचं व्हर्जन बदललं की ट्रेंड काढायच्या आधी काय काय तपासायचं

आमच्या पट्ट्यात, म्हणजे अमळनेर, पारोळा, शिंदखेडा या बाजूला, नाला खोलीकरणाची आणि बंधाऱ्यांची कामं बरीच झालीत आणि दरवर्षी तोच प्रश्न येतो, की शिवार हिरवं झालं ते कामामुळे की पाऊसच बरा झाला म्हणून? याचं उत्तर काढायला मी सॅटेलाइटचा पाऊस घेतला. चिर्प्स नावाचा पावसाचा फुकट मिळणारा डेटा आहे, त्याचं व्हर्जन २ आधीच उतरवलेलं होतं, पुढची वर्षं नव्या व्हर्जन ३ मधून घेतली, दोन्ही जोडली आणि आलेखात पाऊस वाढताना दिसला. बैठकीत दाखवायच्या आदल्या रात्री सहज म्हणून सगळी वर्षं एकाच व्हर्जनमधून काढली तर ती वाढ राहिलीच नाही. ती वाढ आभाळातली नव्हतीच, मी फाइली जोडल्या तिथली होती. ज्या गावात लोकांनी स्वतः श्रमदान केलंय तिथे असा आलेख दाखवणं म्हणजे त्यांच्या कामाचं श्रेय पावसाला देऊन टाकणं, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

पहिला नियम एवढाच की दोन व्हर्जनची वर्षं एका आलेखात जोडायची नाहीत. नवीन व्हर्जन आलं की जुनी वर्षंसुद्धा त्याच्यातूनच परत उतरवायची, नेट स्लो असलं तरी. आणि फाइलच्या नावात व्हर्जन आणि उतरवल्याची तारीख टाका, सहा महिन्यांनी कुणालाच आठवत नाही.

आता व्हर्जन बदललं की आकडे का बदलतात ते थोडं समजून घ्या. सॅटेलाइट पाऊस मोजत नाही, तो ढगाच्या माथ्याचं तापमान किंवा मायक्रोवेव्ह सिग्नल बघतो आणि त्यावरून अंदाज काढला जातो, मग त्यात जमिनीवरच्या पर्जन्यमापकांचे आकडे मिसळतात. चिर्प्स १९८१ पासून आहे, व्हर्जन २ हे २०१५ मध्ये आलं आणि व्हर्जन ३ हे २०२५ मध्ये, नव्यात पर्जन्यमापक केंद्रं जास्त आहेत आणि जुन्यात वर्षावर्षातला चढउतार कमी दिसायचा तो सुधारायचा प्रयत्न आहे. नासाच्या आयमर्ग या पावसाच्या डेटाचंही तसंच, व्हर्जन ६ नंतर २०२३ मध्ये ७ आलं. त्यात अर्ली, लेट आणि फायनल असे तीन प्रकार असतात, पर्जन्यमापकांशी महिन्याच्या हिशोबाने जुळवलेला फायनलच असतो आणि तो काही महिने उशिरा येतो. म्हणजे मागची सगळी वर्षं फायनल आणि चालू हंगाम लेट असं केलं तरी तीच चूक होते, फक्त ती लवकर लक्षात येत नाही.

बरं, आता कामाला लागू. आधी एकच प्रश्न कागदावर लिहा, उदाहरणार्थ "२००१ पासून शिंदखेड्याचा जून ते सप्टेंबरचा पाऊस बदललाय का". २००१ यासाठी की मोडिस या नासाच्या उपग्रहांवरच्या सेन्सरने टिपलेली हिरवाई फेब्रुवारी २००० पासून मिळते, त्यामुळे पाऊस आणि हिरवाई दोन्ही तिथून पूर्ण वर्षांच्या मिळतात. प्रोग्रामिंग येत नसेल तरी गूगलच्या अर्थ इंजिन या वेबसाइटवर थोडं शिकून हे सगळं निघतं, पुढचं काम एक्सेलमध्येही होतं.

मग ग्रिड, म्हणजे नकाशावरची चौकोनांची जाळी, सारखं करा. चिर्प्सचा चौकोन साधारण साडेपाच किमीचा, आयमर्गचा अकरा किमीचा आणि हवामान खात्याचा जो १९०१ पासूनचा ग्रिड डेटा आहे त्याचा सत्तावीस किमीच्या आसपास. बारीक चौकोनाची सरासरी काढून मोठ्याला जुळवायचं, उलटं कधीच नाही, मोठ्या चौकोनाचे तुकडे केले म्हणून माहिती वाढत नाही. सातपुड्याच्या पायथ्याला तर एकाच मोठ्या चौकोनात डोंगर आणि तापीकाठ दोन्ही येतात, तिथे विशेष सांभाळा.

रोजचा पाऊस रोजाशी जुळवायच्या भानगडीत पडू नका. हवामान खात्याचा दिवस सकाळी साडेआठ ते साडेआठ आणि आज सकाळी मोजलेला पाऊस आजच्या तारखेवर लिहिला जातो, म्हणजे तो बहुतेक कालचाच असतो, तर आयमर्गचा दिवस आपल्या पहाटे साडेपाचला सुरू होतो. महिन्याची आणि हंगामाची बेरीज घ्या, हा गोंधळ जवळपास मिटतो.

यानंतरची पायरी लोक सोडून देतात आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची तीच आहे. ट्रेंड काढायच्या आधी नवीन व्हर्जनमधून जुनं वजा करा आणि तो फरक वर्षावर्षाने मांडा. फरक दरवर्षी साधारण सारखाच असेल तर चिंता नाही, ट्रेंडवर त्याचा फारसा परिणाम होत नाही. पण फरक हळूहळू वाढत किंवा घटत असेल, किंवा एखाद्या वर्षी पायरीसारखा उडी मारत असेल तर थांबा. आयमर्गमध्ये २०१४ च्या आजूबाजूला नक्की बघा, कारण तोपर्यंत पाऊस बघणाऱ्या ट्रिम उपग्रहाचा आधार होता आणि नंतर त्याच्या जागी आलेल्या जीपीएम उपग्रहाचा. चिर्प्समध्ये केंद्रांची संख्या वर्षावर्षाला बदलते, तीही तपासा. हाच फरक नकाशावर काढला की धडगाव, अक्कलकुवा आणि यावल-रावेरच्या वरचा डोंगर वेगळा बघा, डोंगरात केंद्रं कमी असतात आणि तिथे व्हर्जननिहाय आकडे हलायची शक्यता सगळ्यात जास्त.

आता जमिनीवरची साक्ष. महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकाचे आकडे कृषी विभागाकडे मिळतात, पण एका मापकाची तुलना एका चौकोनाशी करू नका, आपल्याकडे बांधाच्या या बाजूला पाऊस आणि त्या बाजूला कोरडं हे सगळ्यांनी बघितलंय. तीन-चार मंडळांची सरासरी घ्या. आणि एक विचारा, की हाच मापक त्या डेटात आधीच मिसळलेला तर नाही ना? असेल तर आकडे जुळणारच, त्याला पडताळणी म्हणता येत नाही.

म्हणून हिरवाई कामाची, ती पावसाच्या डेटात मिसळलेली नसते. मोडिसचा सोळा दिवसांचा २५० मीटरचा एनडीव्हीआय, म्हणजे हिरवाईचा आकडा, घ्या, आकड्याला ०.०००१ ने गुणा आणि ढगाळ पिक्सेल काढून टाका, जुलै-ऑगस्टमध्ये तसे खूप असतात. इथेही व्हर्जनची भानगड आहेच, मोडिस ज्यावर आहे त्या टेरा उपग्रहाच्या जुन्या कलेक्शन ५ मध्ये (इथे व्हर्जनला कलेक्शन म्हणतात) सेन्सर झिजल्यामुळे हिरवाई खोटीच घटताना दिसायची, ते ६ मध्ये दुरुस्त झालं, तेव्हा ६.१ च घ्या.

जागा कुठली निवडता यावर मात्र अर्धा निकाल ठरतो. रावेर, यावल, चोपड्याची केळी विहिरी-ट्यूबवेलवर असते, पाऊस कमी झाला तरी पिक्सेल हिरवागार, ते वगळा. भडगाव-पाचोऱ्याला गिरणेचं पाणी कालव्याने येतं, म्हणजे तिथल्या हिरवाईत पाऊस कळवण-बागलाणचा असतो. नवापूर, धडगावला पाऊस इतका असतो की हिरवाई आधीच वरच्या टोकाला टेकते, तिथे संबंध कमी आला म्हणून डेटा वाईट ठरत नाही. चाचणीला चांगलं ते कोरडवाहू शिवार आणि गायरान. जूनपासून ऑगस्टपर्यंतचा पाऊस आणि सप्टेंबरची हिरवाई अशी जोडी लावा, पाऊस पडला की झाडोरा लगेच दिसत नाही, थोडा वेळ लागतो. दोन्हींची सरासरी आणि ट्रेंड काढून टाका, उरलेल्या चढउताराचा संबंध प्रत्येक व्हर्जनशी बघा. ज्या व्हर्जनशी जास्त शिवारांत संबंध घट्ट, त्याच्यावर आपल्या भागापुरता भरवसा जास्त.

मग ट्रेंड. सेनचा उतार (दरवर्षी किती वाढ-घट ते) आणि मान-केंडल टेस्ट (ती वाढ-घट खरी की योगायोग ते) पुरते. पण शेवटचं वर्ष बदलून बघाच, २०१८ ला थांबलात तर दुष्काळावर थांबता (त्या वर्षी राज्याने १५१ तालुके दुष्काळी जाहीर केले होते, आपलेही बरेच त्यात होते) आणि २०१९ धरलं की भरपूर पावसाचं वर्ष आत येतं, एवढ्यानेही रेषेची दिशा हलू शकते. तापमानासाठी ईआरए५-लँड हा युरोपीय हवामान केंद्राचा डेटा घ्या, कारण पाऊस तेवढाच राहून उन्हाळा तापला तर ओल लवकर उडते आणि दोष पावसावर जातो.

बंधाऱ्याच्या प्रश्नासाठी शेवटी हे करा: पावसावरून हिरवाईचा अंदाज काढा, खऱ्या हिरवाईतून तो वजा करा, उरलेल्याचा ट्रेंड बघा. हे सगळं दोन्ही व्हर्जनने वेगवेगळं, आणि शेजारच्या काम न झालेल्या गावासाठीही. दोन्ही व्हर्जनमध्ये काम झालेल्या गावाचाच उतार वर असेल तर सभेत सांगा. एकात वर आणि दुसऱ्यात सपाट असेल तर दोन्ही आलेख शेजारी शेजारी लावून, वर व्हर्जनचं नाव मोठ्या अक्षरात लिहून दाखवा, आणि विहिरींच्या पातळीची नोंद ज्यांच्याकडे असेल त्यांना ती वही घेऊन बोलवा.