अनोळखी माणसांवर भुंकणाऱ्या कुत्र्याला शांत राहायला कसे शिकवावे

बेल वाजताच दारावर झेपावणारा, लिफ्टमध्ये शेजारच्या आजोबांवर गुरगुरणारा आणि रस्त्यात कोणी जवळून गेले की दोरी ताणून अंगावर जाऊ पाहणारा कुत्रा घरच्यांना बहुधा तापट किंवा फार राखणदार वाटतो. परंतु अशा बहुतेक कुत्र्यांच्या भुंकण्याचे मूळ भीतीत असते. कुरिअरवाला पाकीट देऊन निघून जाणारच असतो, पण आपण भुंकलो म्हणून तो गेला, असा कुत्र्याचा समज होतो आणि रोजच्या अनुभवाने तो पक्का होत जातो. म्हणून केवळ भुंकणे थांबवण्याच्या मागे लागू नये. अनोळखी माणूस दिसल्यावर कुत्र्याला जे वाटते ते बदलले, की भुंकणे आपोआप कमी होते.

सराव सुरू करण्यापूर्वी पशुवैद्यांकडून तपासणी करून घ्यावी. कानातला संसर्ग, दुखरा दात, कंबरेच्या सांध्यांचे दुखणे यांमुळे कुत्रा चिडका होतो आणि कोणी हात लावील या धास्तीने माणसांना दूर ठेवू पाहतो. विशेषतः चार-पाच वर्षे माणसांत मजेत राहिलेला कुत्रा अचानक गुरगुरू लागला, तर आधी दुखणे शोधावे. याउलट, वयाच्या तिसऱ्या ते साधारण चौदाव्या आठवड्यापर्यंतच्या काळात ज्या पिल्लाला निरनिराळी माणसे भेटली नाहीत, त्याची भीती खोलवर असते. ती कमी होऊ शकते, मात्र त्याला महिनोन् महिने लागतात.

भुंकणे ही कुत्र्याची पहिली पायरी नसते. त्याआधी तो तोंड मिटून ताठ उभा राहतो, भूक नसताना ओठांवरून जीभ फिरवतो, झोप आलेली नसताना जांभई देतो, मान वळवतो पण डोळे त्या माणसावरच ठेवतो, त्यामुळे डोळ्यांचा पांढरा भाग दिसू लागतो. शेपटी हलते आहे म्हणजे तो खूश आहे, असे समजू नये. उंच धरलेली, ताठ आणि भराभर हलणारी शेपटी तणावाची खूण असते. या खुणा ओळखण्यासाठी पहिले काही दिवस केवळ निरीक्षणात घालवले तरी ते वाया जात नाहीत.

सगळ्या सरावाचा कणा म्हणजे अंतर. प्रत्येक कुत्र्याची एक सहनसीमा असते: माणूस तिच्या पलीकडे असेपर्यंत कुत्रा त्याला पाहतो, कान टवकारतो, पण आपल्या हातातला खाऊ खाऊ शकतो, माणूस तिच्या आत आला, की त्याला काहीच ऐकू येत नाही आणि तो आवडत्या चिकनकडेही ढुंकून पाहत नाही. खाऊ नाकारणे हेच आपल्यासाठी मोजमाप आहे. मोकळ्या मैदानाच्या कडेला उभे राहून हे अंतर शोधावे. एखाद्याला ते दहा मीटर लागेल, एखाद्याला पन्नास. ते कितीही मोठे निघाले तरी तिथूनच सुरुवात करावी.

आता उकडलेल्या, मीठ-मसाला न घातलेल्या चिकनचे किंवा पनीरचे हरभऱ्याएवढे तुकडे कमरेच्या पिशवीत घ्यावेत. कांदा-लसूण घातलेले पदार्थ, द्राक्षे, मनुका आणि चॉकलेट कुत्र्यांना विषारी असते, त्यामुळे घरातले उरलेसुरले खाऊ म्हणून वापरू नये. माणूस दिसला आणि कुत्र्याने त्याच्याकडे पाहिले, की लगेच एक तुकडा द्यावा. माणूस दिसेनासा होईपर्यंत एकामागून एक देत राहावे. तो नजरेआड होताच खाऊ थांबवावा. क्रम हाच असला पाहिजे, आधी माणूस आणि मग खाऊ. आपण आधीच पिशवीत हात घालू लागलो, तर पिशवीची चाहूल म्हणजे संकटाची चाहूल, असा उलटा धडा कुत्रा शिकतो. घाबरलेल्या कुत्र्याला खाऊ दिला तर त्याच्या भीतीला बक्षीस मिळेल, ही शंका पुष्कळांना येते, पण भीती ही भावना आहे आणि ती खाऊ दिल्याने वाढत नाही.

काही आठवड्यांनी एक सुंदर बदल दिसतो. कुत्रा माणसाकडे पाहतो आणि स्वतःहून वळून आपल्या तोंडाकडे बघतो, जणू विचारतो की आता खाऊ कुठे आहे. हा वळण्याचा क्षण साधून ‘शाब्बास’ म्हणावे आणि तुकडा द्यावा. तो बहुतेक वेळा असा वळू लागला, की अंतर दोन-तीन पावलांनी कमी करावे. चुकून भुंकला, तर न रागावता वळून दूर जावे आणि पुढच्या वेळी अधिक अंतर ठेवावे.

दोरी सैल ठेवणे फार महत्त्वाचे आहे, कारण माणूस दिसताच आपण ती आवळली की आपला ताण कुत्र्यापर्यंत पोहोचतो. छातीला अडकवायचा हार्नेस वापरावा. गळा आवळणारी साखळी, काट्यांचा किंवा विजेचा झटका देणारा पट्टा वापरू नये, असे माझे ठाम मत आहे: अनोळखी माणूस दिसला की मान दुखते, एवढेच कुत्रा त्यातून शिकतो. गुरगुरल्याबद्दलही शिक्षा करू नये. गुरगुरणे ही सूचना आहे, आणि ती दडपली गेलेला कुत्रा एखादे दिवशी सूचना न देता चावतो.

घरी येणाऱ्या पाहुण्यांचा प्रश्न मैदानापेक्षा अवघड असतो, कारण तिथे अंतर मिळत नाही. बेलचा आवाज फोनवर रेकॉर्ड करून, अगदी हळू वाजवून, प्रत्येक वेळी खाऊ द्यावा आणि आवाज हळूहळू वाढवावा. पाहुणे येण्याआधी कुत्र्याला आतल्या खोलीत चघळायला काहीतरी देऊन ठेवावे. सगळे बसून गप्पा सुरू झाल्या, की दोरी लावून बाहेर आणावे. पाहुण्यांना आधीच स्पष्ट सांगावे: ‘काका, त्याच्याकडे बघू नका, हात पुढे करू नका, तो वास घ्यायला आला तरी बोलत राहा.’ प्रेमाने डोक्यावरून हात फिरवायला वाकणारा माणूस घाबरलेल्या कुत्र्याला सर्वांत भीतिदायक वाटतो. पाहुण्याच्या हातून खाऊ भरवणेही टाळावे, कारण खाऊच्या ओढीने कुत्रा जवळ जातो आणि खाऊन होताच आपण परक्या माणसाजवळ उभे आहोत हे लक्षात येऊन दचकतो. त्याऐवजी पाहुण्याने तुकडा कुत्र्याच्या पाठीमागे टाकावा, म्हणजे त्याला खाऊही मिळतो आणि दूर जायची वाटही. लहान मुले आलेली असतील, तर त्या दिवशी कुत्र्याला खोलीतच ठेवावे.

इमारतीत लिफ्टची वेळ सांभाळावी; आत कोणी असेल तर पुढच्या फेरीची वाट पाहावी किंवा जिन्याने जावे. गेटवरचा वॉचमन रोज त्याच जागी दिसतो, म्हणून सरावाला तो उत्तम. पावसाळ्यात मात्र ओळखीची माणसेही रेनकोट, छत्री आणि हेल्मेटमुळे कुत्र्याला परकी वाटतात, तेव्हा घरच्याच कोणीतरी रेनकोट घालून दाखवावा आणि त्यावर खाऊ द्यावा.

चावण्याचा धोका असेल, तर जाळीचे मझल, म्हणजे तोंडावर बांधायची मुसकी, घालण्याची सवय खाऊ देत देत सावकाश लावावी; त्यातून कुत्र्याला धापा टाकता आणि पाणी पिता आले पाहिजे. रेबीजची लस वेळेवर द्यावी. तरीही कोणाला चावलाच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. भीती इतकी तीव्र असेल की कोणत्याही अंतरावर कुत्रा खाऊ घेत नाही, तर पशुवैद्य औषधे सुचवू शकतात आणि त्यांच्या आधारावर सराव शक्य होतो.

ताण साठत जातो. सकाळी फटाके ऐकलेला कुत्रा संध्याकाळी एरवी सहन होणाऱ्या माणसावरही धावून जातो. म्हणून गणपतीच्या मिरवणुका आणि दिवाळी या दिवसांत सराव बंद ठेवून निर्जन वेळी, थोडेच फिरवावे, आणि सण संपल्यानंतर काही शांत दिवस जाऊ देऊन, आधी जमलेल्या अंतरापेक्षा दुप्पट अंतरावरून पुन्हा सुरुवात करावी.