विंडोजवर सोर्सपासून बिल्ड: '\आर: कमांड नॉट फाउंड' एररवर उपाय

एमसिस२ (विंडोजवर लिनक्ससारखी कमांड-लाइन देणारं साधन) मध्ये गिटवरून (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन) घेतलेल्या सोर्सचं ऑटोजेन.एसएच (बिल्डची तयारी करणारी स्क्रिप्ट) चालवलं की पहिल्याच ओळींवर '\आर: कमांड नॉट फाउंड'. तोच सोर्स लिनक्सवर निमूटपणे बिल्ड होतो. डोकं पार भणाणून गेलं.

कंपायलर पुन्हा टाकला, फरक शून्य. एकट्या ऑटोजेनवर डॉसटूयुनिक्स (ओळींचे शेवट विंडोजच्या पद्धतीतून लिनक्सच्या पद्धतीत बदलणारं साधन) चालवलं तर ते पुढे सरकलं, पण पुढच्या स्क्रिप्टवर अडलं.

कारण ओळींच्या शेवटी होतं. गिटचं ऑटोसीआरएलएफ हे सेटिंग ट्रू असेल तर गिट फाइली उतरवताना प्रत्येक ओळीअखेर सीआर (एररमधलं '\आर' ते हेच) आणि एलएफ (नवी ओळ) अशी दोन अदृश्य चिन्हं घालतो. बॅश (स्क्रिप्ट चालवणारा शेल) त्यातला सीआर कमांडचाच भाग समजतो.

आधी स्वतःचे बदल पॅच (फक्त बदल नोंदवणारी फाइल) करून बाजूला ठेवा. मग जुनं फोल्डर पूर्ण काढा; त्यातच सेटिंग बदलून उतरलेल्या फाइली सुधारत नाहीत. नवीन क्लोन (सोर्सची पूर्ण प्रत) करताना कमांडमध्येच '-सी कोअर.ऑटोसीआरएलएफ=फॉल्स' द्या. त्यानंतर 'फाइल ऑटोजेन.एसएच' चालवून उत्तरात सीआरएलएफचा उल्लेख नाही ना, हे नक्की पाहा. ही तपासणी मी आता कधीच टाळत नाही. मग ऑटोजेन, कॉन्फिगर, मेक, याच क्रमाने. बिल्ड सरळ पूर्ण झालं.

प्रोजेक्टच्या गिटॲट्रिब्यूट्स (प्रोजेक्टसोबत येणारी गिटच्या नियमांची फाइल) मध्ये 'ईओएल=सीआरएलएफ' (ओळीचा शेवट सीआरएलएफच ठेवा) असेल तर मात्र तेच वरचढ ठरतं.