जुन्या इटालियन गाडीला रेडिएटरचं झाकण घेताना

जुन्या फियाट किंवा अल्फा रोमिओसाठी झाकण घेताना ‘बसलं की झालं’ असं समजू नका. आधी कूलंटचं (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचं) प्रेशर कुठे धरलं जातं ते पाहा. काही गाड्यांत ते रेडिएटरचं झाकण धरतं आणि बाजूची कूलंटची बाटली हवेला उघडी असते. काहींत रेडिएटरचं झाकण नुसतं बंद असतं, प्रेशरचं झाकण कूलंटच्या वेगळ्या टाकीवर असतं. ही दोन झाकणं अदलाबदल करून चालत नाहीत.

मग आकडा. झाकणावर 0.9 लिहिलं असेल तर ते बार, म्हणजे साधारण 13 पीएसआय. एवढ्या दाबाखाली साधं पाणीसुद्धा 118 अंशांच्या आसपास उकळतं. गाडी तापते म्हणून जास्त आकड्याचं झाकण लावायचा सल्ला सर्रास दिला जातो, तो मुळीच ऐकू नका. जुन्या रेडिएटरचे डाग दिलेले सांधे आणि हीटरचा व्हॉल्व्ह आधी गळतील. मॅन्युअलमधला आकडाच घ्या.

सर्वांत जास्त फसगत होते ती खोलीच्या मापात. रेडिएटरच्या तोंडाच्या काठापासून आतल्या बैठकीपर्यंतचं अंतर व्हर्नियरने (सरकत्या मापपट्टीने) मोजा आणि नव्या झाकणाशी ताडून बघा. झाकण आखूड पडलं तर स्प्रिंग दबतच नाही, प्रेशर शून्य.

बाटलीत गेलेलं कूलंट परत यायचं असेल तर झाकणाला तोंडाच्या काठावर बसणारं वरचं रबरही हवं. इंजिन थंड झाल्यावर वरचा होज चपटा दिसला, तर झाकणातला छोटा व्हॅक्यूम व्हॉल्व्ह अडकलाय किंवा बाटलीची नळी तुंबलीय.

गरम इंजिनावर झाकणाला हात लावू नका.