सातपुड्यात ढग उतरल्यावर: हेलिकॉप्टर बचावातला जोखमीचा हिशेब

बचाव पथकात नव्याने आलेली पोरं आधी विचारतात, ‘हेलिकॉप्टर जाईल का?’ खरं तर आधी विचारायचं ते हे, की ते नाही गेलं तर रुग्णाचं काय बिघडेल? नंदुरबारातल्या अक्राणीच्या पाड्यांवरून माणसं बांबूच्या झोळीतून रस्त्यापर्यंत आणली जातात. पाय मोडलेला माणूस नीट बांधून चार तासांत खाली येणार असेल, तर ढगात शिरायचं कारण नाही. पोटात रक्तस्राव असेल तर उड्डाणाची गरज वाढते. ढग मात्र तिथेच असतो. म्हणून काही हवाई रुग्णसेवांमध्ये हवामानाचा निर्णय होईपर्यंत वैमानिकाला रुग्णाची माहितीच देत नाहीत. ‘लहान लेकरू आहे’ एवढं कानावर पडलं की अंदाज सैल होतो. चमूतल्या एकानेही ‘नको’ म्हटलं, तर उड्डाण रद्द. समजूत काढत बसायचं नाही. केदारनाथच्या मदतकार्यात २५ जून २०१३ रोजी हवाई दलाचं एमआय-१७ गौरीकुंडाजवळ कोसळलं आणि २० जण गेले. हेलिकॉप्टर मागवलं तरी झोळी चालतीच ठेवा.

आता ताकदीचं गणित. तोरणमाळ साधारण ३८०० फुटांवर. प्रमाण वातावरणात, म्हणजे हिशेबासाठी ठरवलेल्या सरासरी हवेत, तिथे साडेसात अंश धरतात. प्रत्यक्षात २७ असतील, तर तापलेली हवा विरळ होते; दर जादा अंशाला १२० फूट, म्हणजे उंचीत सुमारे २३०० फूट वाढल्यासारखंच. यंत्राच्या लेखी तुम्ही ६१०० फुटांवर आहात. जमिनीलगत तरंगताना खालच्या हवेचा आधार मिळतो. कड्यावरून विंचने, म्हणजे यंत्रातल्या दोर गुंडाळणाऱ्या चरख्याने, माणूस उचलताना तो नसतो. यंत्र किती उचलेल याच्या तक्त्यातलं वजन या आधाराविना तरंगण्याचंच बघायचं. वजन बसत नसेल तर इंधन कमी करावं लागतं, आणि खराब हवेत परत फिरायला लागतं तेही इंधनच. सगळं घोडं अडतं ते इथे.

सातपुड्याच्या रांगा पूर्व-पश्चिम, पावसाळी वारा नैर्ऋत्येचा. तापीकडच्या उतारावर हवा वर चढते, धार ओलांडली की नर्मदेच्या अंगाला खाली दाबते. म्हणून धारेकडे ४५ अंशांत तिरकं जायचं; हवा दाबू लागली तर थोडक्या वळणात दरीकडे निसटता येतं. ढगाखालून दरीत शिरणं हा वाईट मोह, कारण तिथे विजेच्या तारा असतात. तार पावसात दिसत नाही, खांब दिसतो; ओलांडायचं ते खांबावरून.

जमिनीवरच्यांनी ताडपत्री, रुमाल, कडब्याच्या पेंढ्या आधीच लांब न्याव्यात. वरून आलेला हुक जमिनीला टेकल्याशिवाय हात लावू नये, साठलेल्या स्थिर विजेचा झटका बसतो. स्ट्रेचरला खालून मार्गदर्शक दोरी धरली नाही तर ते गरगर फिरू लागतं. उतारावर उतरलेल्या यंत्राकडे चढाच्या बाजूने जाऊ नये, तिथे पाती डोक्याच्या उंचीला येतात. वैमानिकाने खूण केल्यावर उताराकडून, वाकून, त्याच्या नजरेसमोरून जावं. शेपटीकडे तर कधीच नाही.