टेक्सासच्या दवाखान्यात पिस्तूलबंदीची पाटी लावताय? या चुका टाळा

‘पाटी कुठे छापून मिळेल?’ हा प्रश्न सगळे आधी विचारतात. आपल्या जागेचं लायसन्स हेल्थ अँड सेफ्टी कोडच्या (टेक्सासच्या आरोग्य कायद्याच्या) कोणत्या प्रकरणाखालचं आहे, हे मात्र कुणी बघत नाही, आणि पुढचा सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

नेहमीचं चित्र असं. ह्यूस्टन किंवा डॅलसकडचे एखादे डॉक्टर (त्यात आपली मराठी मंडळीही आली) स्वतःचा दवाखाना थाटतात. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी पाटीची आठवण होते. मोठ्या हॉस्पिटलच्या दाराचा मोबाइलवर फोटो काढून साइनवाल्याकडे धाडला की काम झालं, असं त्यांना वाटतं. पाटीवर पीनल कोडचं (टेक्सासच्या फौजदारी कायद्याचं) कलम ४६.०३ झळकतं. मग एके दिवशी पिस्तुलाचा एक परवानाधारक शर्टाखाली पिस्तूल लावून आत येतो, रिसेप्शनवरची मुलगी घाबरून पोलिसांना बोलावते, आणि पोलीस पाटी वाचून विचारतो, ‘हे हॉस्पिटल आहे का?’ नसतं. कलम ४६.०३ मधली बंदी हेल्थ अँड सेफ्टी कोडच्या प्रकरण २४१ खाली लायसन्स असलेल्या हॉस्पिटलांना आणि प्रकरण २४२ खालच्या नर्सिंग होमना लागू होते. साधं क्लिनिक, दातांचा दवाखाना, अगदी चोवीस तास चालणारी स्वतंत्र इमर्जन्सी रूमसुद्धा (तिचं लायसन्स प्रकरण २५४ खालचं) त्या यादीत नाही. म्हणजे कायद्याने घातलेलीच नाही अशी बंदी पाटी सांगत असते. त्या माणसाला तोंडी ‘बाहेर जा’ सांगता येतं आणि ते लागूही पडतं, पण मग पाटीवर पैसे कशाला घातले?

क्लिनिकला लागतात त्या पाट्या वेगळ्या, आणि एक नव्हे, तीन. परवानाधारकाने लपवून बाळगलेल्या पिस्तुलासाठी पीनल कोडच्याच कलम ३०.०६ ची. उघड दिसेल असं लावलेल्या पिस्तुलासाठी ३०.०७. आणि १ सप्टेंबर २०२१ पासून परवान्याशिवायही पिस्तूल बाळगता येतं, त्या लोकांसाठी ३०.०५. फक्त ३०.०५ लावून बसलात तर पिस्तूलवाला परवानाधारक अडत नाही, त्याला त्या कलमात बचाव दिलेला आहे. ‘एकाच पाटीत सगळं बसवा ना’ म्हणणाऱ्या घाईच्या गिऱ्हाइकांना साइनवाले खूश करतात, कारण नंतर दुसरी पाटीही त्यांच्याकडूनच घ्यावी लागते.

दुसरी आवडती चूक अक्षरांच्या उंचीची. कायदा म्हणतो ब्लॉक अक्षरं, उंची किमान एक इंच, पार्श्वभूमीशी उठून दिसणारा रंग, मजकूर इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्हीत. लोक संगणकावर ७२ पॉइंट निवडतात, कारण ७२ पॉइंट म्हणजे एक इंच, असं कुठेतरी वाचलेलं असतं. तो इंच टाइपाच्या पूर्ण चौकटीचा असतो, अक्षराचा नाही. एरियलमध्ये ७२ पॉइंटचं मोठं अक्षर जेमतेम पाऊण इंच भरतं. इंच गाठायला साधारण १०१ पॉइंट लागतात, मी १०५ खाली जाऊ देत नाही. लहान लिपीतली अक्षरं तर आणखी बुटकी, म्हणून सगळा मजकूर कॅपिटलमध्ये. दोन्ही भाषा या मापात बसवायच्या तर दोन फूट बाय तीन फूट जागा लागते. लेटर आकाराच्या कागदावर एका ओळीत आठ-नऊ अक्षरं मावतात, तेव्हा प्रिंटर आणि सेलोटेपने पाटी बनवायचा नाद सोडा. पाटी लागली की अक्षराला मोजपट्टी टेकवून फोटो काढून ठेवा.

रंगाची गफलत काचेवर होते. पारदर्शक काचेवर पांढऱ्या विनाइलची अक्षरं दुकानात सुरेख दिसतात, आणि आत फिकट पडदा ओढला की गायब होतात. मागे गडद पट्टा द्या. सरकत्या दारावर तर पाटी चिकटवूच नका. दार उघडलं की ती काच शेजारच्या काचेमागे जाते, म्हणजे माणूस आत शिरतो नेमका त्याच क्षणी पाटी दिसत नाही. बाजूच्या स्थिर काचेवर, डोळ्यांच्या उंचीला लावा.

जुन्या पाट्या काढा. ३०.०६ च्या पाटीत कंसात ‘कन्सील्ड हँडगन लॉ’ असेल तर ती २०१६ आधीची, आज तिथे ‘हँडगन लायसन्सिंग लॉ’ हवं. मजकूर शब्दशः तोच लागतो, स्वतःची सभ्य भाषा घालू नका. हॉस्पिटलच्या दारावर ४६.०३५ दिसलं तर ते कलम २०२१ मध्येच रद्द झालं आहे.

स्पॅनिश मजकूर यंत्राकडून भाषांतरित करू नका. कायद्यात फक्त इंग्रजी दिलं आहे, स्पॅनिश टेक्सास डीपीएसने (राज्याच्या सार्वजनिक सुरक्षा खात्याने) प्रसिद्ध केलेलं घ्या.

पिस्तुलावर लाल फुली मारलेलं चित्र म्हणजे ३०.०६ ची नोटीस नव्हे.

लाल ‘५१’ची पाटी (५१ टक्के कमाई दारूतून होणाऱ्या) बारसाठी असते, हॉस्पिटलच्या सक्तीच्या पाटीवर तो आकडा नको.

३०.०५ आणि ३०.०७ ची पाटी प्रत्येक प्रवेशद्वारावर हवी, हॉस्पिटलची ४६.०३ चीही तशीच. इमर्जन्सीचं दार, पार्किंग गॅरेजमधून येणारा पूल, कॅफेटेरियाची बाजू, हे लोक हमखास विसरतात. ३०.०६ ला तशी अट नाही, तरी सगळीकडे लावा.

काउंटीच्या मालकीच्या क्लिनिकने उत्साहाने ३०.०६ लावू नये. ४६.०३ ची बंदी नसलेल्या सरकारी जागेत परवानाधारकाला अडवलं तर पहिल्या उल्लंघनाला दिवसाला १,००० ते १,५०० डॉलर दंड आहे.

हॉस्पिटलमध्ये कुणाला पिस्तुलाची मुभा द्यायची असेल तर प्रशासनाचं लेखी पत्र हवं, सिक्युरिटीवाल्यांचं ‘चालेल हो’ पुरत नाही. आणि ४६.०३ ची पाटी पार्किंगच्या फाटकावर ठोकू नका. ती बंदी इमारतीपुरती आहे, पार्किंग, फूटपाथ आणि आतला रस्ता त्यात येत नाही. परवाना असलेल्या नर्सने स्वतःच्या कुलूपबंद गाडीत पिस्तूल ठेवलं, तर २०११ पासून मालकालाही ते अडवता येत नाही.